हिलालचे छत्तीस सेकंद

हिलाल नथ्थू महाजन जळगावच्या आमच्या तंत्रनिकेतनात शिपाई होता. सकाळी कॉम्प्युटर लॅब उघडायची, फरशी पुसायची, वीस मशीनवरचे कापडी अभ्रे काढून घडी घालायचे, आम्हा प्राध्यापकांना चहा आणायचा आणि संध्याकाळी पुन्हा अभ्रे घालून कुलूप लावायचं, हे त्याचं काम. गाव अमळनेर तालुक्यातलं. दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झालेला. बायको ताईबाईसोबत मेहरूणला एका खोलीत राहायचा आणि रोज सायकलने आठ किलोमीटर यायचा. वय तेहतीस-चौतीस, अंगाने काटकुळा. शर्ट मात्र नेहमी इस्त्रीचा.

मी त्याच लॅबवर लेक्चरर होतो. मूळचा चाळीसगावचा, आणि नोकरी हंगामी. दर जूनला नवी ऑर्डर निघायची, आणि ती निघेपर्यंत पुढच्या वर्षी नोकरी आहे की नाही ते कळायचं नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी जे वागलो त्याचं कारण लोक मला विचारतात तेव्हा मी हेच सांगतो.

अठ्ठ्याण्णव साली कुठूनतरी बातमी आली की चोरीची सॉफ्टवेअर तपासायला माणसं फिरताहेत. आमचे विभागप्रमुख वाघुळदे सर घाबरले. त्यांनी एका दिवसात वीसही मशीनवरचं सगळं पुसायला लावलं आणि एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकायचं ठरवलं. लिनक्स त्यांना येत नव्हतं. मलाही धड येत नव्हतं. पहिलं मशीन आम्ही दोघांनी मिळून कसंबसं लावलं. उरलेल्या एकोणिसांचं काम वाघुळदे सरांनी हिलालवर टाकलं. "सीडी घाल, मी दाखवलं तिथे एंटर दाब. अडलं तर हाक मार," ते म्हणाले.

त्याने हाक मारली नाही. दहाव्या मशीनपर्यंत तो पडद्यावरचे प्रश्न वाचायला लागला होता. महिन्याभराने मी पाहिलं तर त्याच्याकडे दोनशे पानी वही होती आणि तिच्यात सगळ्या कमांड देवनागरीत लिहिलेल्या. 'माउंट म्हणजे सीडी जोडणे. यूमाउंट म्हणजे सोडवणे. मध्ये एन पाहिजे होता, लिहिणाऱ्याची चूक असावी, पण तशीच टाइप करावी.' मी हसलो. पण दुसऱ्याच आठवड्यात माझा प्रिंटर चालेना, तेव्हा दार लोटून घेऊन त्यालाच विचारलं. मुलं उघड विचारायची. "हिलालभाऊ, हे अडकलं," अशी हाक प्रॅक्टिकलच्या वेळी या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू यायची. वाघुळदे सरांना ती आवडत नसे.

नव्याण्णवच्या ऑगस्टमध्ये कळलं की बावीस सप्टेंबरला दिल्लीहून कमिटी येणार. नव्या कोर्सची मान्यता तिच्यावर अवलंबून होती. संस्थेचे अध्यक्ष भाईदास आप्पा, कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक. त्यांनी पावसाळ्याच्या सुरुवातीलाच धुळ्याच्या जीवराम फोटोवाल्याकडून संस्थेवर बारा मिनिटांची फिल्म करून घेतली होती. जीवराम एरवी लग्नाचं शूटिंग करायचा. फिल्मची व्हिडिओ सीडी मुंबईहून करून आली. आप्पांच्या मनात असं होतं की कमिटी लॅबमध्ये शिरली की वीसही पडद्यांवर एकाच वेळी ही फिल्म सुरू व्हावी.

विंडोज असतं तर हे दोन मिनिटांचं काम होतं. आमच्या लिनक्सवर मात्र सीडी घातली तर पडदा काळाच राही. चांगला व्हिडिओ प्लेअर शोधायला हवा होता. वाघुळदे सरांनी ते काम माझ्यावर टाकलं. मी हिलालवर टाकलं.

पुढचे तीन आठवडे त्याने त्या कामाशिवाय दुसरं काही डोक्यात येऊ दिलं नाही. गोलाणी मार्केटमधल्या सायबर कॅफेत बसून तो एकेक प्लेअर फ्लॉप्यांवर तुकड्यातुकड्यांनी उतरवून आणायचा आणि लॅबमध्ये जोडायचा. सीडीवरची फाईल सरळ कॉपी होत नव्हती, अर्ध्यात एरर यायची. त्यावरचा उपायही त्यानेच शोधला. इंग्रजी नावं त्याच्या तोंडात बसत नसत म्हणून त्याने प्लेअरना आपली नावं दिली. पहिला 'मुका', कारण चित्र छान पण आवाज नाही. दुसरा 'घाईबोल्या'. त्यात आवाज पुढे पळायचा आणि चित्र मागून यायचं. तिसरा देखणा होता, बटणं वगैरे चकचकीत, पण दर वेळी सुरू होताना पैसे भरा म्हणायचा. तो 'मागत्या'. चौथ्याला बटणं नव्हती की चौकट नव्हती, नुसती कमांड द्यायची. तो 'गरीब'.

वाघुळदे सरांना मागत्या आवडला. "दिसायला बरा आहे," ते म्हणाले.

हिलाल म्हणाला, "सर, कमिटीसमोर वीस मशीनवर एकदम पैसे मागेल तो."

सरांनी मागत्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

तो तपासायचा कसा, ते मी पाहिलं आहे. फिल्मच्या सुरुवातीला आप्पांचं भाषण होतं. हिलाल पडद्याच्या अगदी जवळ वाकून आप्पांचे ओठ बघायचा. "ओठ मिटले की आवाज मिटला पाहिजे, सर. तेवढं जमलं की बाकी जमतं." गरीबमध्ये ते जमलं. ती फिल्म त्याने पन्नासेक वेळा तरी पाहिली असेल.

आणि त्या फिल्ममध्ये तो स्वतः होता.

सातव्या मिनिटाला कॉम्प्युटर लॅब येते. शूटिंगच्या दिवशी पावसामुळे एसटी बंद होत्या, मुलं आलेली नव्हती. जीवराम म्हणाला, "ज्याचे हात भराभर चालतात असा कोणीतरी बसवा." मीच म्हटलं, हिलालला बसवा. मग फिल्ममध्ये पांढऱ्या शर्टातला हिलाल खुर्चीवर बसून टाइप करतो, पडद्यावर अक्षरं सरसर वर जातात, तो वळून जरासा हसतो. मागून आवाज येतो, 'येथील प्रशिक्षित कर्मचारी विद्यार्थ्यांना सदैव मार्गदर्शन करतात.' सगळे मिळून छत्तीस सेकंद. हिलालनेच मोजले होते.

एकदा कप उचलता उचलता त्याने मला विचारलं, "सर, कमिटीच्या दिवशी आईला आणू का गावाहून? व्हरांड्यात उभी राहील. खिडकीतून बघेल. कोणाला त्रास नाही."

"आण की," मी म्हणालो.

कमिटीच्या दहा दिवस आधी आप्पा फिल्म बघायला लॅबमध्ये आले. आप्पा, वाघुळदे सर आणि मी बसलो. हिलालने फिल्म सुरू केली आणि चहाचा ट्रे घेऊन उभा राहिला. आप्पांचं भाषण झालं, वर्कशॉप झालं, ग्रंथालय झालं. नव्या इमारतीसमोर आप्पा फीत कापतात ते झालं. त्याला लागूनच लॅब आली.

"थांबवा," आप्पा म्हणाले.

फिल्म थांबवायची कशी ते मला माहीत नव्हतं, वाघुळदे सरांनाही नाही. हिलालने ट्रे टेबलावर ठेवला, आमच्या दोघांच्या मधून हात घातला आणि कीबोर्डवरचं एक बटण दाबलं. पडद्यावर त्याचा स्वतःचा हसरा चेहरा थांबला.

आप्पांनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. "हा आपला हिलाल ना? चहा आणतो तो?"

"हो, आप्पा."

"तुला खुर्चीवर कोणी बसवलं रे?"

हिलालने माझ्याकडे बघितलं नाही. "कॅमेरावाले म्हणाले, आप्पा."

"उद्या ते म्हणतील आप्पांच्या खुर्चीवर बस. बसशील?"

आप्पा मोठ्याने हसले. वाघुळदे सर हसले. मीही हसलो. हसायचं असं मी ठरवलं नव्हतं, पण हसलो खरा.

मग आप्पा वाघुळदे सरांकडे वळले आणि त्यांचा आवाज बदलला. "कागदावर लॅबचा इन्चार्ज म्हणून आपण रुपचंदला दाखवलंय. कमिटी विचारेल, हा कोण? शिपाई? तुमच्याकडे शिपाई शिकवतात? हे काढा."

रुपचंद आप्पांचा पुतण्या, बी.एस्सी. महिन्यातून एकदा येऊन मस्टरवर तीस सह्या करून जायचा.

जीवरामला फोन केला. तो म्हणाला, मुंबईहून नवी सीडी यायला तीन आठवडे लागतील. आमच्याकडे दहा दिवस होते. वाघुळदे सरांनी माझ्याकडे बघितलं. मी हिलालकडे बघितलं.

"कापता येईल, सर," हिलाल म्हणाला. "कुठून कुठपर्यंत कापू?"

"तू जिथून जिथपर्यंत आहेस, तिथून तिथपर्यंत," वाघुळदे सर म्हणाले.

त्याने फाईल मशीनवर उतरवली, दोन तुकडे केले, मधला भाग टाकला आणि तुकडे जोडले. एका संध्याकाळचं काम. पण गरीबमध्ये ती जोडलेली फिल्म लावली तर जोडावर चित्र फुटायचं. दोन सेकंद पडद्यावर चौकोन चौकोन पसरायचे, आणि त्या चौकोनांत हिलालचा खांदा आणि अर्धा कान दिसायचा. थोडं अलीकडून कापलं असतं तर ते गेलं असतं, पण अलीकडे आप्पा फीत कापत होते आणि टाळ्या वाजत होत्या. त्यातलं काही जाता कामा नये, अशी सक्त ताकीद होती.

म्हणजे आता दुसरा प्लेअर हवा होता. जोडावर न अडखळता पुढे जाणारा, फुटकं चित्र न दाखवणारा.

हिलाल पुन्हा गोलाणी मार्केटला गेला. रोज नवा प्लेअर आणायचा, जोडायचा, सातवं मिनिट लावायचा. वाघुळदे सर त्याच्या मागे हाताची घडी घालून उभे राहायचे.

पहिल्या दिवशी ते म्हणाले, "खांदा दिसतोय."

दुसऱ्या दिवशी, "कान आहे अजून."

तिसऱ्या दिवशी चित्र अडकलं ते पुढे सरकेचना आणि आवाज एकटाच चालत राहिला. आवाजाचाही एक तुकडा राहून गेला होता. 'प्रशिक्षित कर्म' इतकं ऐकू आलं आणि पुढचा शब्द गिळला गेला. त्यावर प्रॅक्टिकलला बसलेल्या दोन पोरी फिसकन हसल्या. वाघुळदे सरांनी त्यांना बाहेर काढलं नाही. उलट ते हिलालला म्हणाले, "बघ, तुझं कर्म सुटत नाहीये." मुलं आणखी हसली.

चौथ्या दिवशी, "अजून दिसतोस तू, हिलाल. नीट बघ. बाही आहे पांढरी."

"हो, सर. आहे," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. काम करणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. आता वाटतं, त्याने एकदा तरी माझ्या तोंडावर वही फेकून मारायला हवी होती. पण एखादी गोष्ट नीट करायची म्हटली की ती वाईट करणं त्याला जमायचंच नाही. पाचव्या दिवशी त्याला हवा तो प्लेअर सापडला. फुटकं चित्र आलं की हा ते टाकून द्यायचा आणि पुढचं सबंध चित्र येईपर्यंत आधीचंच धरून ठेवायचा. आप्पा फीत कापतात, टाळ्या वाजतात, डोळा लवायच्या आत मैदान आणि व्हॉलीबॉल. मध्ये कोणीतरी होतं, अशी शंकासुद्धा येऊ नये.

वाघुळदे सरांनी तीनदा लावायला सांगितलं. मग त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता नाहीस. शाब्बास."

त्या संध्याकाळी कुलूप लावताना तो मला म्हणाला, "सर, आईला गावी निरोप गेलाय. तिने शेजारच्या बायकांना पण सांगितलंय."

मी म्हणालो, "मग बघ तू. येऊ दे नाही तर नको येऊ दे."

एवढंच माझं मार्गदर्शन.

बावीस तारखेला त्याची आई, भिकुबाई, सुनेसोबत आली. ठेंगणी, नाकात मोरणी, धुवट नऊवारी. डोळ्यांना अंधुक दिसायचं म्हणून ताईबाईने तिला खिडकीच्या गजांना अगदी लागून उभं केलं. आतला सगळ्यात जवळचा पडदा हाताभरावर होता. हिलालने मुद्दाम ते मशीन खिडकीकडे वळवून ठेवलं होतं. सगळं माहीत असून त्याने ते का वळवलं, हे मला अजून कळलेलं नाही.

कमिटीचे चार जण आत आले. दाराशी टाय लावलेला रुपचंद उभा होता. हिलालने पहिल्या मशीनवर एकच कमांड दिली आणि वीस पडद्यांवर आप्पा एकदम बोलायला लागले. मग तो मागे सरला आणि पाण्याचे ग्लास फिरवू लागला. कमिटीने सगळी मिळून तीनेक मिनिटं फिल्म बघितली. एकाने संडास किती आहेत ते विचारलं. दुसऱ्याने मात्र कौतुकाने विचारलं, "लिनक्सवर हे कसं जमवलं?"

वाघुळदे सर इंग्रजीत म्हणाले, "आम्ही सहा आठवडे वेगवेगळ्या प्लेअरचा तौलनिक अभ्यास केला. आमचे लॅब इन्चार्ज रुपचंद यांनी फार मेहनत घेतली." रुपचंदने मान हलवली. हिलाल त्याच्यासमोर ट्रे धरून उभा होता.

कमिटी ग्रंथालयाकडे गेली, फिल्म मात्र चालूच होती. मी व्हरांड्यात थांबलो. म्हातारी गज धरून शेवटपर्यंत बघत होती, पापणीही हलवत नव्हती. संपलं तेव्हा हिलाल रिकामा ट्रे घेऊन बाहेर आला.

ती अहिराणीत म्हणाली, "बठ्ठा लोके दिसनात रे. तू नही दिसना." सगळे दिसले, तो तेवढा दिसला नव्हता.

ताईबाईने नवऱ्याकडे बघितलं. मला वाटतं तिला लगेच समजलं. मीही तिथेच उभा होतो, दोन हातांवर. माझ्याकडे त्याने तेव्हा एकदा बघितलं. मी एखादं वाक्य बोलू शकलो असतो. काहीही. मी पेनाचं टोपण उघडून बंद केलं.

हिलाल आईला म्हणाला, "तुना डोया लागी गया व्हई, माय."

"मना?" म्हातारी चपापली. "उभ्या उभ्या?"

"हां. परवासमा थकी गयी तू."

तिने खरं मानलं. मुलगा खोटं कशाला सांगेल? तिने कपाळावर हात मारून घेतला आणि गजाला डोकं टेकून ती म्हणाली की आग लागो या डोळ्यांना, पोराला बघायच्या वेळीच मिटायचे होते. ताईबाई तिला धरून गेटकडे घेऊन गेली. हिलाल पुन्हा आत गेला, कारण आप्पांसाठी चहा सांगितला होता.

मान्यता मिळाली. ऑक्टोबरमध्ये हिलालची बदली वसतिगृहाच्या पंपावर झाली, कारण रुपचंद आता खरोखरच लॅबमध्ये बसायला लागला होता आणि मुलं हाक मारायची ती हिलालला. मशीन अडली की आम्ही पंपावर निरोप पाठवायचो. दोनदा तो आला, हात पुसून उभ्या उभ्या दुरुस्त करून गेला. तिसऱ्यांदा मी स्वतः बोलवायला गेलो, तर पंपाकडे बघत तो म्हणाला, "पाण्याची वेळ आहे, सर." त्यानंतर आम्ही बोलावलं नाही. वाघुळदे सरांनी धुळ्याच्या एका परिसंवादात लिनक्सवरील व्हिडिओ प्लेअरच्या निवडीवर निबंध वाचला. पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं.

दिवाळीनंतर हिलाल एकदा माझ्या टेबलाशी आला. "सर, ती मूळ सीडी एका दिवसासाठी मिळेल का? मेहरूणमध्ये एकाकडे सीडी प्लेअर आलाय. आईला घेऊन येतो. परत आणून देईन, ओरखडा पडू देणार नाही."

मूळ सीडी माझ्याच ड्रॉवरमध्ये होती, त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

"ती आप्पांकडे गेली," मी म्हणालो.

आप्पांनी ती मागितलीही नव्हती. दिली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. लोकांना मी सांगतो की नोकरीची भीती होती. त्या क्षणी भीतीसुद्धा नव्हती. उठून, खाली वाकून, कुलूप काढून ती द्यायची, आणि देताना त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, एवढं मला नको होतं.

"बरं, सर," तो म्हणाला.

डिसेंबरात भिकुबाई वारली. दहाव्याला स्टाफतर्फे कोणीतरी जायला हवं म्हणून मला पाठवलं. अमळनेरहून पुढे टेम्पोने गेलो. बाया ओसरीवर बसल्या होत्या. मी जळगावच्या कॉलेजातला हे कळल्यावर त्यातली एक, पुष्पाबाई म्हणून, पुढे सरकून बसली.

"भाऊ, म्हातारीने जीव खाल्ला आमचा त्या सिनेमापायी. येईल त्याला सांगायची, पोरगा येवढ्या मोठ्या पडद्यावर आला आणि माझाच डोळा लागला. शेवटी शेवटी तर झोपायलाच भ्यायची. म्हणायची, डोळा मिटला की काहीतरी हुकतं." मग तिने विचारलं, "तुम्ही तरी बघितलं ना त्याला?"

हिलाल मुंडण केलेल्या डोक्याने पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यासमोर उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

"बघितलं," मी म्हणालो. "छान दिसत होता."

त्याने माझ्या पेल्यात पाणी ओतलं आणि तो पुढच्या माणसाकडे गेला. मी तीनच्या एसटीने परतलो.

पुढच्या जूनमध्ये माझी नोकरी कायम झाली. त्याच महिन्यात हिलालने नोकरी सोडली. अमळनेरला कापसाच्या एका व्यापाऱ्याकडे काट्यावर लागला म्हणे. राजीनाम्यात कारण 'घरगुती' असं लिहिलं होतं. वाघुळदे सर रजेवर होते, म्हणून त्यांच्या जागी त्या अर्जावर 'शिफारस' असा शेरा लिहून मीच सही केली.